दूरचित्रवाणीचा वासंतिक हंगाम

चैत्र उजाडेपर्यंत आपल्या जिल्ह्यातली द्राक्षे बहुतेक उतरलेली असतात. निफाड-दिंडोरीच्या बागांतून खरड छाटणीच्या कात्र्या चालू लागतात, मुलांच्या परीक्षा आटोपत येतात आणि गोदाकाठच्या व्याख्यानांचे वेध लागतात. याच दिवसांत घरातल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही एक लगबग दिसू लागते. ‘लवकरच’, ‘येत्या सोमवारपासून’, ‘नवे पर्व’, ‘तुमचा लाडका कार्यक्रम पुन्हा एकदा’ अशा घोषणा दर दहा मिनिटांनी कानांवर पडतात. काही कार्यक्रम नवे येत असतात, काही परत येत असतात. आणि काही, फारसा गाजावाजा न होता, जात असतात.

ही ये-जा कशी ठरते, ती कोण ठरवतो आणि तिच्यात आपल्यासारख्या प्रेक्षकाचा वाटा किती, हे समजावून सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. अमुक कार्यक्रम पाहा आणि तमुक पाहू नका अशी यादी आम्ही देणार नाही. अशी यादी महिन्याभरात शिळी होते. शिवाय ज्याच्या त्याच्या घरातली संध्याकाळ ही ज्याची त्याची असते. परंतु ती संध्याकाळ आपण देतो कोणाला आणि किती दिवसांसाठी, हे मात्र माहीत असलेले बरे.

वसंतच का?

अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या वर्षाला ठरलेला क्रम असे. नवे कार्यक्रम सप्टेंबराच्या सुमारास सुरू व्हावयाचे. त्यांतले जे लोकांना रुचले नाहीत ते आवरते घ्यावयाचे. आणि त्यांच्या रिकाम्या जागी जानेवारीपासून मार्चपर्यंत दुसरे आणावयाचे. तिकडचा वसंतातला कार्यक्रम हा असा बदली खेळाडूसारखा असतो. मे महिन्यात पुढच्या वर्षाचे कार्यक्रम जाहिरातदारांपुढे मांडण्याचीही तेथे प्रथा आहे.

आपल्या मराठी वाहिन्यांवर असे वर्ष नाही. रोजची मालिका बाराही महिने चालते. तरीही फाल्गुन ते वैशाख या काळात बदल अधिक दिसतात, आणि त्याची कारणे पंचांगात तशीच बाजारात सापडतात. गुढीपाडवा आणि अक्षय्यतृतीया हे खरेदीचे मुहूर्त. सोने, वाहन, घर यांच्या जाहिराती या दिवसांत वाढतात, आणि उन्हाळा तोंडावर आल्यामुळे पंखे, शीतकपाटे नि सरबते यांच्या जाहिरातींची त्यांत भर पडते. एक एप्रिलला व्यापाऱ्यांचे नवे आर्थिक वर्ष सुरू होते. जाहिरातीसाठी राखून ठेवलेला नवा पैसा बाहेर येतो. परीक्षा संपल्या की मुले घरी असतात. आणि २००८ सालापासून क्रिकेटची आयपीएल स्पर्धा याच ऋतूतल्या संध्याकाळी भरू लागली. घरातला एक जण सामन्यासाठी हटून बसणार हे ठाऊक असल्यामुळे मालिकांच्या वाहिन्यांना आपली जागा आधीच भक्कम करून ठेवावी लागते.

काही तारखा पाहा. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि ‘काहे दिया परदेस’ ही त्याच वर्षी २८ मार्चला. ‘लागिरं झालं जी’ महाराष्ट्र दिनी, १ मे २०१७ रोजी आली. ‘पारू’ आणि ‘शिवा’ या दोन मालिका एकाच दिवशी, १२ फेब्रुवारी २०२४ ला. आणि ‘घरोघरी मातीच्या चुली’ व ‘साधी माणसं’ या दोन त्याच वर्षी १८ मार्चला. हे सारे दिवस सोमवार आहेत. आठवड्याच्या पहिल्या दिवशी नवे दुकान मांडावे म्हणजे शनिवारपर्यंत गिऱ्हाइकाला वाट पडते, असा हा सरळ व्यवहार आहे.

यांत एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. संध्याकाळचे तास वाढत नाहीत. सात ते साडेदहा या वेळात अर्ध्या अर्ध्या तासाच्या सात जागा असतात आणि त्या भरलेल्याच असतात. म्हणून ‘नवी मालिका’ अशी प्रत्येक घोषणा ही कोणत्या तरी जुन्या मालिकेच्या निरोपाची किंवा स्थलांतराची घोषणाही असते. खरड छाटणीत बागाईतदार जुनी काडी काढतो तेव्हाच नव्या काडीला जागा होते. फरक इतकाच, की बागाईतदाराला छाटणीचा महिना आधीपासून ठाऊक असतो.

साप्ताहिकीचे दिवस

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या आधी दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण होत होते. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण संध्याकाळी काही तासांचे, आणि तेवढ्या वेळात मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांना वाटणी करून द्यावयाची. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, ‘गजरा’ हा विनोदी प्रवेशांचा, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा साहित्य-कलांचा, ‘ज्ञानदीप’ हा लोकशिक्षणाचा, ‘किलबिल’ हा मुलांचा. चि. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेल्या ‘चिमणराव’मध्ये दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, ती जोडी ज्यांनी पाहिली त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

या सर्वांत एक लहानसा कार्यक्रम होता, त्याचे नाव ‘साप्ताहिकी’. येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय दाखविले जाईल, हे निवेदिका सांगत असे आणि मधून मधून त्या त्या कार्यक्रमाचा तुकडा दाखवीत असे. शनिवारचा मराठी चित्रपट कोणता, रविवारचा हिंदी कोणता, हे कळण्यासाठी पुष्कळ घरांतून साप्ताहिकी चुकवीत नसत. हा कार्यक्रम स्वतः काहीच दाखवीत नव्हता आणि तरी लोक तो आवडीने पाहत, याचे कारण त्यात प्रेक्षकाला मान होता. तुमचा आठवडा तुम्ही आखणार आहात, तर आमच्याकडे काय आहे ते आधी ऐका, असे त्याचे सांगणे होते. लग्नाचे निमंत्रण, पाहुण्यांची ये-जा, मुलांचा अभ्यास यांच्याशी मेळ घालून माणूस ठरवी की गुरुवारी छायागीत पाहावयाचे आणि शुक्रवारी शेजारी जावयाचे.

त्या काळाचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही. वाहिनी एकच होती. जे येईल ते पाहावे किंवा संच बंद करावा, एवढीच निवड होती. पुष्कळ कार्यक्रम कंटाळवाणे असत, आणि सरकारी केंद्र असल्यामुळे सत्तेचे कौतुक ऐकावे लागे ते वेगळेच. तथापि कार्यक्रम कधी येणार आणि कधी संपणार हे प्रेक्षकाला आधी सांगावयाचे असते, ही रीत तेव्हा होती.

तेराचा पाढा

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घेतल्या जाऊ लागल्या, आणि पुढे प्रायोजित मालिकांचा जमाना आला. या मालिकांचे माप तेराचे होते. वर्षाचे बावन्न आठवडे. त्याची एक तिमाही म्हणजे तेरा आठवडे. आठवड्याला एक भाग याप्रमाणे तेरा भागांना मंजुरी मिळे. लोकांना आवडली तर आणखी तेरा, मग आणखी तेरा.

मोठ्या मालिकांतही हा पाढा दिसतो. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली मालिका १५६ भागांची झाली, म्हणजे बारा तेरा. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले ते ५२ भागांसाठी, म्हणजे चार तेरा. लोकाग्रहास्तव ते वाढत वाढत ७८ भागांचे झाले, म्हणजे सहा तेरा, आणि ३१ जुलै १९८८ ला संपले. तेव्हाही लोकांचे समाधान झाले नाही. उत्तरकांडही दाखवावे अशी मागणी देशभर उठली, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये लव-कुशांची कथा पडद्यावर आली. प्रेक्षकांच्या मागणीवरून कार्यक्रम परत येण्याचे हे आपल्याकडचे एक मोठे उदाहरण.

पंचवटीत राहणाऱ्यांना रामकथेचे अप्रूप निराळे सांगावयास नको. आम्हांला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते मापाकडे. माप ठरलेले असले म्हणजे लेखकाला शेवट ठाऊक असतो. शेवट ठाऊक असला म्हणजे मधला प्रत्येक प्रसंग त्या शेवटाकडे नेता येतो. कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो, ते घड्याळाकडे पाहूनच. मंगलाचरणापासून आरतीपर्यंतचा वेळ त्याला माहीत नसता तर आख्यान रंगले नसते.

शेवट नसलेली गोष्ट

ऑक्टोबर १९९२ मध्ये झी ही खासगी हिंदी वाहिनी आली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली. ती २००५ पासून झी मराठी या नावाने चालली. २००० साली ईटीव्ही मराठी आली, ती २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये स्टार प्रवाह आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठी यांची भर पडली. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला सह्याद्री हे नाव मिळाले. ‘दामिनी’ने रोजच्या मराठी मालिकेची सवय लावली होतीच; ‘आभाळमाया’ने खासगी वाहिनीला घरात मानाची जागा मिळवून दिली. आठवड्याचा भाग गेला आणि रोजचा भाग आला.

हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. आठवड्याला एक भाग दाखविणारी मालिका वर्षाला ५२ वेळा घरी येते. सोमवार ते शनिवार येणारी तीनशेहून अधिक वेळा. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे. एखादे मूल तेवढ्या काळात जन्मून बालवाडीत जाते.

इतकी लांब गोष्ट काही वाईटच असते असे आम्ही म्हणत नाही. जगात अशी उदाहरणे आहेत. इंग्लंडात ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे. अमेरिकेतली ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. साबणाच्या कारखानदारांनी अशा कथांना पैसा पुरविला म्हणून तिकडे या प्रकाराला ‘सोप’ हेच नाव पडले. उलट मेक्सिको, ब्राझील या देशांत ‘तेलेनोव्हेला’ नावाचा प्रकार रुजला. तोही रोज दाखवावयाचा, पण काही महिन्यांत कथा पूर्ण करावयाची. ‘हम लोग’ची मूळ कल्पना मेक्सिकोतल्या अशाच मालिकांवरून घेतलेली होती. अलीकडे आपल्या तरुण मुलांना वेड लावणाऱ्या कोरियन मालिका बहुधा सोळा भागांच्या असतात. म्हणजे रोज पाहणे आणि शेवट असणे यांत विरोध नाही. आपल्याकडे ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी आटोपली. लोकांना ती आजही आठवते, आणि याचे एक कारण ती वेळेवर संपली हे असावे.

मोजणारे यंत्र

मग मालिका संपवावयाची की चालवावयाची, हे ठरते कशावर? ते मुख्यतः टीआरपी या नावाने आपण जो आकडा ऐकतो त्याच्यावर.

हा आकडा बार्क इंडिया ही संस्था काढते. तिची स्थापना २०१० सालची, आणि २०१५ पासून तिचे आकडे येऊ लागले. देशभरातून निवडलेल्या पंचावन्न हजारांहून अधिक घरांत एक लहानसे यंत्र बसविलेले असते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. ती खूण यंत्र ओळखते, आणि कोणती वाहिनी किती वेळ चालू होती याची नोंद होते. घरातल्या प्रत्येक माणसाला एक स्वतंत्र कळ दिलेली असते. जो पाहावयास बसेल त्याने ती दाबावयाची. ही घरे कोणती, हे गुप्त ठेवतात. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी बाहेर येतात.

२०२० सालच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच होते. म्हणजे यंत्र असलेले एकेक घर साडेतीन हजारांहून अधिक घरांच्या वतीने बोलते. भाताची परीक्षा शितावरून करावी, हे शास्त्र खोटे नाही. परंतु शितावरून भात शिजला की नाही एवढे कळते; जेवणारा तृप्त झाला की नाही हे कळत नाही. संच चालू होता हे यंत्राला समजते. आजीबाई मनापासून पाहत होत्या, की स्वयंपाकघरात काम करताना नुसता आवाज सोबतीला होता, की दुसरे काही सापडले नाही म्हणून तेच चालू राहिले, हे त्याला समजत नाही.

दर गुरुवारी आकडा येतो आणि त्या आकड्यावर पुढची कथा हलते. रोजच्या मालिकेचे चित्रीकरण प्रक्षेपणाच्या फार पुढे नसते. त्यामुळे कथेला वळण देणे सोपे जाते. आकडा उतरला की एखादे पात्र अपघातात सापडते, कोणी वर्षानुवर्षांनी परत येते, किंवा कथा एकदम काही वर्षे पुढे उडी मारते. मूळ लेखकाच्या मनात जे होते ते बाजूला राहते. कथेचा मालक आता लेखक नसतो आणि प्रेक्षकही नसतो. तो आकडा असतो.

नव्याची पारख

हे समजले म्हणजे वसंतातल्या घोषणा वाचणे अवघड नाही. ‘नव्या वेळेत’ अशी सूचना आली, आणि ती वेळ रात्री साडेनऊनंतरची किंवा संध्याकाळी साडेसहाच्या आधीची असली, तर त्या मालिकेच्या मूळ जागी नवी येत आहे असे समजावे. रविवारचा ‘महाएपिसोड’ किंवा दोन मालिकांच्या पात्रांना एकत्र आणणारा ‘महासंगम’ हे बहुधा आकडा वर नेण्याचे उपाय असतात. एका मालिकेचे गिऱ्हाईक दुसरीला ओळख करून देण्याचेही काम त्यांतून साधते. खलनायिकेला एकाएकी पश्चात्ताप होऊ लागला आणि सारे गैरसमज आठवड्याभरात मिटू लागले, तर निरोपाची वेळ जवळ आली असे खुशाल समजावे.

आणि ‘नवे’ म्हणजे नेहमी नवेच असते असे नाही. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून, ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ ही बंगाली ‘के आपन के पर’वरून, आणि ‘ठरलं तर मग’ ही तमिळ ‘रोजा’वरून बेतलेली. दुसऱ्या भाषेत ज्याचा आकडा चांगला आला ते आपल्या भाषेत आणणे व्यापाऱ्याला सुरक्षित वाटते. रूपांतरात कमीपणा नाही. मराठी रंगभूमीने शेक्सपिअरही आपलासा केला आणि मोलिएरही. प्रश्न इतकाच विचारावा, की रूपांतर करताना माणसे, बोली, घर, गाव हे खरोखर मराठी झाले, की नावे तेवढी बदलली?

परत येणारे पाहुणे

परत येणारे कार्यक्रम चार प्रकारचे असतात, आणि त्यांत भेद करावयास हवा.

पहिला प्रकार जसेच्या तसे परत येणे. २०२० चा वसंत या बाबतीत कधी विसरता येणार नाही. साथीमुळे मार्चमध्ये चित्रीकरण थांबले, आणि मराठी वाहिन्यांवर नव्या भागांसाठी जुलैपर्यंत थांबावे लागले. तो वसंत जवळजवळ नव्यावाचून गेला. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. तो जगातला विक्रम होता की नव्हता यावर पुढे वाद झाला, पण लोकांनी तो भाग मोठ्या संख्येने पाहिला यात वाद नाही. तेहतीस वर्षांपूर्वीचे साधे नेपथ्य, संथ गती, सारे तेच होते. नवे काही मिळत नसताना जुन्यातले जे टिकाऊ ते आपोआप वर आले.

दुसरा प्रकार स्पर्धेचे किंवा खेळाचे नवे पर्व. ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ने २००८-०९ मध्ये महाराष्ट्राला पाच लहान गायक दिले, त्यांतली आळंदीची कार्तिकी गायकवाड अंतिम विजेती ठरली. २०२१ मध्ये कार्यक्रम परत आला तेव्हा तीच पाच मुले परीक्षकांच्या आसनावर होती. असे परत येणे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. मधल्या बारा वर्षांचे काही तरी त्यात जमा झालेले असते.

तिसरा प्रकार त्याच कथेचा पुढचा किंवा मागचा भाग. ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या कथेत अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरुवात होती; जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने अण्णांच्या हयातीतली कथा सांगितली आणि पहिल्याहून अधिक लोकप्रियता मिळविली. तिसरे पर्व मार्च २०२१ मध्ये आले, साथीच्या दुसऱ्या लाटेतील निर्बंधांमुळे मध्येच थांबले आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाले. स्टार प्रवाहच्या प्रारंभकाळातील ‘अग्निहोत्र’, जिच्या कथेतला वाडा आपल्या नाशिकचा, तीही २०१९ मध्ये दुसऱ्या भागाच्या रूपाने आली. परंतु पहिलीसारखी ती मनात घर करू शकली नाही. जुन्या घराला नवे मजले चढविताना पाया किती भार सोसेल हे पाहावे लागते.

चौथा प्रकार नाव तेच, माणसे निराळी. ‘चला हवा येऊ द्या’ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये थांबला. जुलै २०२५ मध्ये तो परत आला तेव्हा सूत्रसंचालन नीलेश साबळे यांच्याकडे नव्हते. ते नाशिकात वाढलेल्या अभिजित खांडकेकर यांच्याकडे आले. येथे पारख अशी करावी की परत आले ते नाव की गुण? दुकानावर पाटी जुनीच असते. माल तोच आहे की नाही, हे आत जाऊन पाहावे लागते.

आपला वाटा

आता थोडा हिशेब करू. अर्ध्या तासाची मालिका आठवड्यातून सहा दिवस पाहिली, तर आठवड्याचे तीन तास होतात आणि वर्षाचे १५६. अशा तीन मालिका धरल्या, तर ४६८ तास. महिनाभर रोज दीड तास व्याख्यान ऐकले, तर सारे मिळून पंचेचाळीस तास भरतात. एक मालिका म्हणजे तीनांहून अधिक व्याख्यानमाला झाल्या. आमचा आग्रह असा नाही की मालिका सोडून सर्वांनी व्याख्यानाला यावे. रुग्णशय्येवर असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, मुले दूरदेशी गेल्यामुळे घरात एकट्या असलेल्या पुष्कळ माणसांना संध्याकाळच्या त्या कथेची सोबत आहे. त्या पात्रांची नावे त्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असतात. या सोबतीची थट्टा करणे आम्हांला मान्य नाही.

परंतु म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर होतो. जी सोबत रोज येते, तिने आपण केव्हा निघणार हे सांगावयास नको काय? पाच वर्षे घरी येणारी कथा एका आठवड्यात गुंडाळली जाते, तेव्हा तिच्यावर जीव लावणाऱ्याचा अपमान होतो. ती दोन वर्षांपूर्वीच संपावयास हवी होती आणि नुसती ताणली गेली असेल, तर अपमान आधीपासूनच चालू होता. कीर्तनाला, नाटकाला, व्याख्यानाला आपण जातो तेव्हा ते अमुक वेळी संपेल असा एक अलिखित करार असतो. दूरचित्रवाणीवरही हा करार एके काळी होता. तो मोडला आहे, आणि तो पुन्हा करवून घेणे आपल्या हाती पुष्कळ अंशी आहे.

त्यासाठी फार काही करावयाचे नाही. रविवारी सकाळी घरातल्या माणसांनी पंधरा मिनिटे बसून आपल्या घरची साप्ताहिकी तयार करावी. या आठवड्यात कोणता कार्यक्रम पाहावयाचा, कोणत्या संध्याकाळी संच बंद ठेवावयाचा, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. नव्या मालिकेला एक आठवडा द्यावा. रुचली नाही तर सातव्या दिवशी निःसंकोच सोडावी. परत येणाऱ्या कार्यक्रमाला विचारावे की तुझ्याबरोबर काय परत आले आहे? ठरलेल्या भागांत संपणाऱ्या कथांना आवर्जून वेळ द्यावा; आता त्या मोबाइलवर आणि इंटरनेटच्या मंचांवर हव्या त्या वेळी पाहता येतात, त्यामुळे घड्याळाची अडचणही उरलेली नाही. तेथे मात्र एक नवी खबरदारी हवी. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, आणि बंद करण्याचे कष्ट प्रेक्षकालाच घ्यावे लागतात.

आपल्या घरी ते मोजणारे यंत्र नसेल, तर आपण काय पाहिले याची नोंद कोठेही होत नाही, हे खरे आहे. म्हणून कोणी म्हणेल की आमच्या निवडीने काय होणार? आमचे उत्तर असे की निवड ही प्रथम आपल्यासाठी असते. वाहिनीला ती कळो वा न कळो, आपल्या मुलांना ती कळते. आई-वडील ठरवून एक कार्यक्रम पाहतात आणि तो संपताच संच बंद करून उठतात, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला आवडीचे आणि सवयीचे यांतला फरक निराळा शिकवावा लागत नाही. येत्या सोमवारी आणखी एक नवी मालिका सुरू होईल. तिचे स्वागत करण्यास हरकत नाही. फक्त दार उघडण्यापूर्वी तिला एवढे विचारावे, की बाई, तू मुक्कामाला किती दिवस आहेस?